दगडूचे खाडे

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय टांगलेलं असतं आणि त्यावर दुधाचे खाडे मांडलेले असतात. ज्या दिवशी दूध घेतलं नाही, त्या तारखेच्या कोपऱ्यात फुली. पद्धत सासूबाईंची. आता दूध पिशवीतून येतं, पैसे फोनवरून जातात, हिशेब विचारायला कुणी दारात उभं राहत नाही, तरी फुली पडते. यंदा महाशिवरात्रीपासून त्या चौकटींत आणखी एक खूण दिसायला लागली. निळ्या पेनाने काढलेलं छोटं वर्तुळ, त्याला चार पाय आणि एक डोकं. दगडू जेवला नाही, असा त्याचा अर्थ.

दगडू हे आमचं कासव. अकरा वर्षांपूर्वी, लेक नववीत असताना, मैत्रिणींनी तिच्या वाढदिवसाला आणून दिलेलं. झाकणाला भोकं पाडलेली प्लास्टिकची डबी, आत पाच रुपयांच्या नाण्याहून जरासा मोठा जीव. पोपटी पाठ, आणि डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना कुंकवाचं बोट ओढावं तशी लाल रेघ. ‘एवढंच राहतं, वाढत नाही,’ असं दुकानदाराने पोरींना सांगितलं होतं. आज ते माझ्या दोन्ही तळव्यांत मावत नाही. ही लाल कानांची जात मूळची अमेरिकेतली, मिसिसिपीच्या खोऱ्यातली. अशा इवल्या कासवांमुळे मुलांना साल्मोनेलाची लागण होते, म्हणून तिकडे १९७५ सालीच चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली. आपल्या मातीतलं ताऱ्यांच्या नक्षीचं कासव घरात बाळगणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. ही मात्र परदेशची पाहुणी म्हणून दुकानात उघड मांडलेली असतात. हे मला फार उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर परत केलं असतं, असं म्हणायचा मोह होतो. पण लेक ती डबी छातीशी धरून उभी होती, आणि मी तिची आई होते. परत केलं नसतं.

नाव तिनेच ठेवलं. हलत नाही म्हणून दगडू. सासूबाईंना ते वेगळ्याच कारणाने पटलं. त्यांच्या गावी ज्या घरात मुलं जगत नसत, तिथे पुढच्या मुलाला दगडू किंवा धोंडू म्हणत. यमाने यादी वाचताना दगडधोंडा समजून पुढची ओळ घ्यावी म्हणून. ‘मोठ्या आयुष्याचं नाव आहे,’ त्या म्हणाल्या. ‘हा मला पोचवून वर तुम्हालाही पोचवील.’

पहिली दोन वर्षं आम्ही त्याचे हालच केले. काचेचा वाडगा, त्यात प्लास्टिकचं नारळाचं झाड, आणि खायला डबीतून मिळणारा सुका जवळा. रोज तेच. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्या पापण्या फुगल्या, पांढुरक्या झाल्या आणि मिटल्या त्या मिटल्याच. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं की असं होतं, आणि डोळे मिटलेलं कासव खात नाही, कारण समोरचा घास त्याला दिसतच नाही. तेव्हा कुठे आम्ही जागे झालो. मोठी टाकी आली, पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं, हिवाळ्यात पाणी कोमट राखायला हीटर आला, चढून बसायला फळी आली. वर एक दिवा आला, कारण खिडकीच्या काचेतून ऊन आत येतं पण त्यातले कासवाला हवे असलेले किरण काचेबाहेरच राहतात. थोडक्यात, कासव जेवत नाही म्हणजे सहसा त्याला भूक नाही एवढंच नसतं, काहीतरी दुसरं चुकलेलं असतं, हा धडा आम्ही एकदा शिकलो होतो. शिकून विसरलोही होतो.

तर महाशिवरात्र. सकाळी मी नेहमीसारखा फ्रिज उघडला. दार उघडल्याचा आवाज झाला की दगडू फळीवरून धपकन पाण्यात पडतो आणि काचेला नाक लावून चारी पायांनी वल्ही मारत उभा राहतो. त्या दिवशी तो पडला नाही. गाजराचा कीस टाकला तर कीस पाण्यावर पसरला, फिरला, तळाशी बसला. ‘उपास धरला असेल,’ सासूबाई म्हणाल्या. सगळे हसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी पारणं सोडलं, त्याने नाही सोडलं.

आमच्या घरात माया दाखवायची एकच भाषा आहे. लेक हैदराबादहून फोन करते तेव्हा माझा पहिला प्रश्न ‘जेवलीस का?’ आणि शेवटचा ‘काय करणार आहेस जेवायला?’ यांच्याशी भांडण झालं तर मी दोन दिवस बोलत नाही, पण पोळी गरमच वाढते. जरा आपटून वाढते, एवढंच. आमच्या मजल्यावर कुणाकडे माणूस गेलं की शेजारून पिठलंभात जातो, आणि तो घेऊन जाणाऱ्या बाईला तोंडाने काही म्हणावं लागत नाही. अशा घरात एक प्राणी जेवणाकडे पाठ करून बसला की घरच मुकं होतं. कुत्र्याला कुरवाळता येतं, मांजराला मांडीवर घेता येतं. कासवाला काय करणार? त्याची पाठ खाजवली तर त्याला कळतं म्हणतात. कळून तो काय करतो हे अकरा वर्षांत मला समजलेलं नाही.

मग सुरू झाली आर्जवं. काकडी, लाल भोपळा, कोथिंबीर. शेवग्याचा पाला, कारण त्यात कॅल्शियम. जास्वंदीचं फूल, हे त्याचं सगळ्यात लाडकं, पाकळ्या ओढताना पाण्यात लाल फडकी फडकावल्यासारखं दिसतं. नाही. सोसायटीच्या गांडूळखताच्या खड्ड्यातून मी चमच्याने दोन गांडुळं काढून आणली आणि जिन्यात भेटलेल्या सेक्रेटरींना वाटीत काय आहे ते सांगितलं नाही. नाही. सातव्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, ‘खालच्या कोकणातल्या बाईंकडून मूठभर जवळा आण त्याच्यासाठी.’ हे ऐकून मी हातातलं काम थांबवलं. आमच्याकडे जवळ्याचा डबा गॅलरीच्या उंबऱ्याच्या आत यायचा नाही, त्याचा चमचा वेगळा, तो धुवायची घासणी वेगळी, असा कडक कायदा होता, आणि तो करणाऱ्यानेच आज मोडला होता. जवळा टाकला. दगडूने मान लांब केली, वास घेतला, मान आत घेतली.

ही कासवं घास पाण्यातच गिळतात. गिळण्यापुरती लाळ त्यांना नसते, पाण्यानेच घास उतरतो. त्यामुळे भरवायची सोयही नाही. नाक धरून, गोष्ट सांगून, ‘हा काऊचा घास’ म्हणून चालत नाही.

तर मग काय उरलं? बघणं. मी टाकीसमोर लाकडी स्टूल ठेवलं आणि भाजी निवडायला, लसूण सोलायला, फोनवर बोलायला तिथेच बसायला लागले. सासूबाई तिन्हीसांजेला हरिपाठ म्हणतात. तो आटोपून एकदा त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘कासवीला पान्हा नसतो. ती नुसत्या नजरेने पिलांना पोसते. तू तेच करते आहेस.’ कूर्मदृष्टी. संतांनी देवाच्या मायेला दिलेली ही उपमा मी लहानपणापासून कीर्तनांत ऐकलेली. आई लांब असते, पिलं इकडे काठावर, मधे पाणी; ती बघते आणि त्यांचं पोट भरतं. तिची नजर सुटली तर संपलं.

खरी गोष्ट मी वेळासला पाहिली आहे. रत्नागिरी जिल्ह्यातलं मंडणगड तालुक्यातलं ते गाव, तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’च्या कामातून गावाने ती राखायला सुरुवात केली. पहाटे सगळे वाळूत उभे. जाळीच्या कुंपणात टोपल्या पालथ्या घातलेल्या. एक टोपली उचलली तर खाली काळीभोर, ओली, बटाटेवड्याएवढी पिलं एकमेकांवर चढत होती. त्यांना समुद्रापासून थोडं अलीकडे सोडलं आणि ती एकेक करून लाटेकडे निघाली. आई? ती पन्नासएक दिवसांपूर्वी एका रात्रीत येऊन, खड्डा खणून, शंभरेक अंडी त्यात सोडून, वर वाळू लोटून गेली होती. मागच्या पायांनीच खणते आणि मागच्या पायांनीच बुजवते, त्यामुळे स्वतःची अंडीदेखील तिने पाहिलेली नसतात. पिलांच्या पोटात उरलेला बलक असतो, पहिले काही दिवस तीच शिदोरी. नजरबिजर काही नाही. तिथून घरी आल्यावर सासूबाईंना मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘शिदोरी बांधून दिली म्हणजे बघितलंच की.’ त्यावर मला काही सुचलं नव्हतं.

तर मी बघत बसले. इतकी वर्षं घरात असलेल्या प्राण्याला मी कधी एवढं पाहिलं नव्हतं. गळ्यावरच्या पिवळ्या-हिरव्या रेघा पुस्तकातल्या नकाशातल्या उंचसखल रेषांसारख्या. डोळा हिरवट पिवळा आणि त्याच्या मधोमध, बाहुलीच्या दोन्ही बाजूंना, एक काळी आडवी पट्टी. तो मान वर करो की खाली, ती पट्टी आडवीच राहते, गवंड्याच्या पाणसळीतल्या बुडबुड्यासारखी. त्या डोळ्याने तो माझ्याकडे पाहत होता. मी त्याच्याकडे. दोघांपैकी कुणाचंच पोट भरत नव्हतं.

देवळात गाभाऱ्यासमोर फरशीत कोरलेलं कासव असतं. त्याला हात लावून पुढे जायचं. कासव जसं अवयव आवरून घेतं तशी इंद्रियं आवरावीत, हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं स्थितप्रज्ञाचं लक्षण आपल्याला शाळेपासून पाठ. सतराशे साठ ठिकाणी ऐकलेलं. स्टुलावर बसून मला वाटायला लागलं की हे लिहिणाऱ्याने कासव आवरून घेताना नक्की पाहिलं असेल, पण का आवरून घेतं ते कासवाला विचारलं नसेल. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ चित्रपटातही, ज्याला २०१७ साली सुवर्णकमळ मिळालं, एक तरुण असाच सगळं आत ओढून बसलेला आहे. त्याला कुणी स्थितप्रज्ञ म्हणत नाही.

या दिवसांत सल्ल्यांना तोटा नव्हता. ‘कात्रजच्या तळ्यात सोडून द्या, मोकळं होईल ते,’ असं तिघांनी तरी सांगितलं. ही जात जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर घुसखोर प्रजातींच्या यादीत आहे, आणि लोकांनी असंच मोकळं केल्यामुळे आहे. जिथे सोडाल तिथल्या मूळच्या कासवांच्या तोंडचं अन्न आणि बसायचे दगड ती बळकावतात. मी हे सांगायला लागले की ऐकणाऱ्याचा चेहरा, कासवासाठी एवढं कशाला, असा व्हायचा. मग मी सांगणं सोडलं.

रात्री मात्र तो वेगळाच वागत होता. दिवे मालवले की टाकीच्या कोपऱ्यात खरवडल्याचा आवाज येई. पाहिलं तर तोंड माझ्याकडे, आणि मागचे पाय काचेवर आळीपाळीने घासतायत, एक डावा, एक उजवा. सुटायची धडपड करतोय असं मला वाटलं. सासूबाई म्हणाल्या, ‘सुटायचं असेल तर तोंड तिकडे करील. हा ढुंगणाने कुठे निघालाय?’

शेवटी डॉक्टर गाठले. पहिले डॉक्टर चांगले होते. आमच्या शेजारच्या लॅब्रॅडॉरला त्यांनीच मोठं केलंय. त्यांनी दगडूला उलटसुलट पाहिलं आणि सरळ सांगितलं की मला कासवातलं कळत नाही. या एका वाक्यासाठी मी त्यांची आभारी आहे. दुसरे डॉक्टर पोपट, ससे, कासवं असलंच पाहतात. त्यांनी काय खातो हे विचारलंच नाही. पाणी किती अंश, दिवा कधी बदलला, फळीवर किती वेळ बसतो, हे विचारलं. मग वजन केलं. एक किलो चारशे दहा. मी घरच्या काट्यावर, ज्यावर दिवाळीला भाजणीचं धान्य मोजते, पौषात केलं होतं तेव्हा एक किलो तीनशे चाळीस होतं. सोळा दिवस न जेवलेला प्राणी सत्तर ग्रॅमने वाढला होता. हे मला त्यांनी काटा दाखवला तेव्हा कळलं, इतका वेळ मी फक्त त्याचं तोंड पाहत होते. त्यांनी मागच्या पायाच्या पुढे, पाठ आणि पोट यांच्या फटीत बोट घातलं, जरा चाचपलं, आणि एक्स-रे काढायला सांगितलं.

काळ्या फिल्मवर कवचाच्या आत पाच लंबगोल कड्या होत्या. बांगड्यांच्या दुकानात डब्यात ठेवलेल्या लहान मुलींच्या बांगड्या जरा दाबल्या तर दिसतील तशा.

‘दगडू नाव कुणी ठेवलं?’ डॉक्टर म्हणाले. नराची पुढची नखं चांगली लांब असतात, शेपटी जाड असते. ती कधी पाहिली नव्हती का? पाहिली होती. तुलनेला दुसरं कासव नव्हतं. आणि नर नसला तरी कासवी अंडी धरते, कोंबडी धरते तशी. पिलं निघणार नाहीत, पण घालावी तर लागतात. ती पोटात अडकून राहिली तर जिवावर बेततं. खाणं सुटलं ते एक तर पोटात जागा नाही म्हणून, आणि दुसरं, तिला जागा सापडत नाहीये म्हणून. काच खणता येत नाही. तिला माती हवी होती. इंजेक्शनने अंडी पाडता येतात, पण आधी आठवडाभर माती देऊन बघू, असं ठरलं. निदान फूटभर खोल, ओलसर, मुठीत धरली तर गोळा व्हावा अशी.

‘आणि एक,’ ते दारापर्यंत येऊन म्हणाले. ‘तिच्याकडे बघू नका. कुणी बघतंय असं वाटलं तर ती खणणार नाही. खणत असली तर अर्ध्यात सोडून देईल.’

होळीच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट. पुरण शिजवताना मी सासूबाईंना सांगितलं. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि हल्ली फारशा हसत नाहीत. त्या पुरणयंत्र हातात धरून हसल्या. मग म्हणाल्या, ‘मातीचे डोहाळे! मलाही होते. तुझ्या नवऱ्याच्या वेळी. चुलीच्या कडेची भाजलेली माती चोरून खायचे, पहिल्या पावसाचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. सासूबाईंनी पकडलं एकदा.’ तीस वर्षं मी या बाईबरोबर एका स्वयंपाकघरात आहे आणि हे मला माहीत नव्हतं.

धुळवडीला आम्ही माती चाळली. खाली पोरं एकमेकांना रंगाने माखत होती आणि तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत मी आणि हे, कोपरापर्यंत लाल. नर्सरीतून लाल मातीची दोन पोती आणली. वाळू मिळता मिळेना. बांधकामावर हल्ली सगळी दगड फोडून केलेली वाळू, टोकदार, तिच्या पायांना टोचेल अशी. शेवटी यांच्या मित्राच्या गच्चीवर जुन्या कामातून उरलेली नदीची वाळू होती, ती दोन घमेली मिळाली. गोधड्या भिजवायचा मोठा टब भरला. वर दिवा टांगला. फळी टेकवून चढायला वाट केली. मी मागे सरून ‘झालं’ म्हटलं, तर सासूबाई आतून आपलं जुनं हिरवं नऊवारी घेऊन आल्या आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवर टाकून त्यांनी टबाभोवती सोडलं, तीन बाजूंनी.

‘बाळंतिणीला आडोसा नको?’

त्यानंतरचे चार दिवस मी गॅलरीकडे पाठ करून काढले. सोपं नव्हतं. इतके दिवस मी बघण्याचं काम केलं होतं आणि ते काम आहे असं मला वाटायला लागलं होतं. आता स्टूल माझ्याकडेच होतं, पण तोंड ओट्याकडे. तोंडलीच्या चकत्या करताना मान आपोआप वळायची आणि मी ती परत आणायची. हे तर पेपरसुद्धा उलट्या खुर्चीत बसून वाचत होते. लेकीने फोनवर ‘व्हिडिओ दाखव ना’ म्हटलं, तेव्हा सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि नातीला सांगितलं, ‘तुझी आई जन्मली तेव्हा तिच्या खोलीत कॅमेरा नव्हता.’ मी जन्मले तेव्हा सासूबाईही नव्हत्या, पण मुद्दा पोचला.

कान मात्र झाकता येत नाहीत. पहिल्या दोन रात्री माती उडल्याचे, मग थांबल्याचे आवाज आले. तिसऱ्या रात्री काहीच नाही. रंगपंचमीच्या आदल्या रात्री मी पाणी प्यायला उठले आणि अंधारात थांबले. नऊवारीच्या मागे एक संथ, एकसारखा आवाज चालू होता. खर्र. मग बराच वेळ गप्प. मग दुसऱ्या बाजूने खर्र. शेणाने अंगण सारवताना बायकांच्या हाताचा येतो तसा. मधेच पाणी सांडल्यासारखं झालं; माती कोरडी लागली की ती स्वतःच्या अंगातलं पाणी सोडून भिजवते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मिसिसिपीच्या काठावर तिच्या कितीतरी पिढ्यांनी असंच केलं असेल. हिने मात्र नदी पाहिलेली नाही, आई पाहिलेली नाही, माती तरी चार दिवसांपूर्वी पहिल्यांदा पाहिली. मी पेला न भरताच परत जाऊन पडले. झोप लागली नाही.

सकाळी टबातली माती इतकी सपाट होती की काही घडलंच नाही असं वाटावं. दगडू टाकीच्या फळीवर, पायांना लाल चिखल. पोह्याच्या चमच्याने मी मातीचा एकेक थर काढला आणि हाताला काहीतरी लागलं. पांढरं, लांबट, जांभळाहून मोठं. दुसरं. तिसरं. चौथं. सगळी माती उपसली, चाळली. चारच.

पाचवं आत राहिलं होतं. त्या दिवशी डॉक्टरांना तीन फोन झाले, ती काही खाईना, आणि खाली रंग खेळणाऱ्या पोरांच्या आवाजाची मला चीड आली. रात्री उशिरा पाचवं पाण्यातच पडलं, फुटलेलं. पाणी गढूळ झालं. पुन्हा काढलेल्या फिल्मवर कवच रिकामं दिसलं, आणि इतकं रिकामं काही मी कधी एवढ्या आनंदाने पाहिलं नसेल. चार अंडी सासूबाईंनी कढीपत्त्याच्या कुंडीत पुरली. उबवून बघू का, हे त्यांनी दोनदा विचारलं होतं. काही निघणार नाही, असं मीही दोनदा सांगितलं. कुंडीशी त्या नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभ्या होत्या.

चोविसावा दिवस. सकाळी मी फ्रिज उघडला, जास्वंदीचं फूल काढलं, टाकीत सोडलं आणि सवयीने तिच्याकडे पाठ करून कुकर लावायला लागले. मागे धपकन आवाज झाला. मग ‘कुट’. चोच मिटल्याचा.

‘जेवली का गं?’ सासूबाईंनी आतून विचारलं. कालनिर्णयाशी उभ्या होत्या, निळं पेन हातात.

‘बघितलं नाही,’ मी म्हटलं.

त्यांनी तारखेवर पेन टेकवलं, थांबल्या, आणि टोपण लावून खिळ्याला परत अडकवलं.